सहीसाठी फोन आडवा केला की ॲप बंद: एका प्रकरणाची पूर्ण उकल

ॲप तसं साधंच. जागेवर जाऊन तपासणी करणारी माणसं त्यात रिपोर्ट भरतात, म्हणजे आधी माहितीचा फॉर्म, मग दोनचार फोटो, मग समोरच्याची स्क्रीनवर बोटाने सही आणि सबमिट. अँड्रॉइडचं ॲप, मूळ कोड जुन्या जावा भाषेतला, त्यावर नंतर आलेल्यांनी जमेल तसं कोटलिन ही नवी भाषा चढवलेली. रिपोर्टचं सगळं काम एकाच ॲक्टिव्हिटीत (म्हणजे ॲपची एक पूर्ण स्क्रीन), आत तीन फ्रॅगमेंट (त्या स्क्रीनचे स्वतंत्र तुकडे). तक्रार एका ओळीची होती, ॲप मधेच बंद पडतं आणि भरलेलं सगळं जातं. कधी बंद पडतं विचारलं की उत्तर "मधेच". फोन फिरवल्याचा उल्लेख एकाही तक्रारीत नव्हता आणि तो येणारही नव्हता, कारण फोन आडवा धरला यात आपण काही वेगळं केलं असं कोणाला वाटतच नाही.

क्रॅशच्या, म्हणजे ॲप अचानक बंद पडल्याच्या नोंदी जिथे जमा होतात त्या डॅशबोर्डवर चित्र अजून गोंधळाचं. एक मोठा क्रॅश असता तर कोणीतरी बसून सोडवला असता, पण इथे पाचसहा वेगवेगळे होते आणि प्रत्येकाची संख्या मध्यम. एक म्हणतोय "व्ह्यू नॉट अटॅच्ड टू विंडो मॅनेजर". दुसरा म्हणतोय "कॅन नॉट परफॉर्म धिस ॲक्शन आफ्टर ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेट". तिसरा "अनेबल टू इन्स्टॅन्शिएट फ्रॅगमेंट". शिवाय "फ्रॅगमेंट नॉट अटॅच्ड टू अ कॉन्टेक्स्ट" आणि दोन नल पॉइंटर, म्हणजे नल, जागेवर नसलेल्या गोष्टीला हात लावल्याने पडणारे. टीम त्यांना वेगवेगळे बग समजून प्रत्येक रिलीजला एकेक पॅच मारत होती, म्हणजे इथे नल चेक (गोष्ट जागेवर आहे ना ते आधी बघणं), तिथे ट्राय-कॅच (चूक पकडून गप्प करणं), आणि दर वेळी एकाची संख्या कमी होऊन दुसऱ्याची वाढायची.

धागा मिळाला तो तिसऱ्याच्या स्टॅक ट्रेसमध्ये (क्रॅशच्या क्षणी कोडमध्ये काय काय चालू होतं त्याची यादी). त्यात खाली, सिस्टिमच्या ओळींमध्ये, जिथे सहसा कोणी बघत नाही, तिथे "हँडलरीलाँचॲक्टिव्हिटी" लिहिलं होतं. स्क्रीन पहिल्यांदा उघडते तेव्हा तिथे "हँडललाँचॲक्टिव्हिटी" असतं. "री" आलं म्हणजे स्क्रीन आधीच उघडी होती आणि सिस्टिमने ती मोडून पुन्हा बांधली. आणि असं करायचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे फोन फिरणं. मग सहीची स्क्रीन बघितली तर सगळं उघड झालं. सहीची चौकट रुंद आणि बुटकी, उभ्या फोनवर ती इतकीशी दिसते की सही करायला देताना प्रत्येक जण फोन आडवा करूनच समोरच्याच्या हातात देतो. म्हणजे दर रिपोर्टमागे निदान दोनदा फोन फिरणार, एकदा सहीच्या आधी आणि एकदा नंतर. ऑफिसात हे कोणाला दिसत का नव्हतं? कारण डेव्हलपरांचे फोन केबल लावून टेबलावर पडलेले आणि बहुतेकांनी ऑटो रोटेट बंद करून ठेवलेलं. आयफोनचं ॲप बघणाऱ्यांना तर हा त्रास माहीतच नव्हता, कारण तिकडे फोन फिरला तरी व्ह्यू कंट्रोलर (तिकडचा स्क्रीन सांभाळणारा भाग) जिवंत राहतो, फक्त व्ह्यूचा, म्हणजे दिसणाऱ्या भागाचा आकार बदलतो.

नेमकं होतं काय

फोन उभ्याचा आडवा झाला की अँड्रॉइडच्या भाषेत कॉन्फिगरेशन बदललं. तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर सिस्टिम चालू ॲक्टिव्हिटी पूर्ण नष्ट करते आणि त्याच क्लासची (कोडमधल्या त्याच साच्याची) नवीन बनवते, कारण आडव्यासाठी लेआउट (स्क्रीनवरची मांडणी) वेगळा असू शकतो, मापं वेगळी असू शकतात, आणि सगळं नव्याने लोड करणं हा तिच्या दृष्टीने सगळ्यात खात्रीचा मार्ग. सिस्टिम ॲक्टिव्हिटीला ज्या हाका मारते त्यांचा क्रम असा: ऑनपॉज, ऑनस्टॉप, ऑनडिस्ट्रॉय, आणि लगेच नव्या ऑब्जेक्टवर (त्या साच्यातून बनलेल्या नव्या प्रतीवर) ऑनक्रिएट, या वेळी हातात जुनी स्टेट (काय भरलं होतं, कुठे होतो ती स्थिती) असलेला बंडल, म्हणजे माहितीचं छोटं गाठोडं. स्टेट जपायची ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेट अँड्रॉइड ९ पासून ऑनस्टॉपच्या नंतर येते, त्याआधीच्या फोनवर ऑनस्टॉपच्या आधी यायची. हा फरक लक्षात ठेवा, कारण "माझ्या फोनवर होत नाही" या वाक्यामागे पुष्कळदा हाच असतो.

आता या सगळ्यात मरतं काय आणि उरतं काय? ॲक्टिव्हिटीचं ऑब्जेक्ट मरतं, त्यातले सगळे व्ह्यू मरतात, त्यावर उघडलेले डायलॉग मरतात. प्रोसेस (चालू असलेलं अख्खं ॲप) मात्र तीच राहते, म्हणजे बॅकग्राउंड थ्रेडवर (स्क्रीनच्या पाठीमागे) चाललेलं काम चालूच राहतं आणि ते ज्या जुन्या ॲक्टिव्हिटीला धरून बसलंय तिला सोडत नाही. डॅशबोर्डवरचे जवळपास सगळे क्रॅश याच एका वाक्यात बसत होते: कोणीतरी मेलेल्या ऑब्जेक्टला हाक मारतंय, नाहीतर नव्या ऑब्जेक्टकडे जुन्याकडची माहिती पोचलेलीच नाही. फोन फिरवणं हे फक्त निमित्त. डार्क मोड बदला, फॉन्टचा आकार वाढवा, फोनची भाषा बदला, स्प्लिट स्क्रीनमध्ये ॲप ओढून लहानमोठं करा, फोल्ड होणारा फोन उघडा, प्रत्येक वेळी हेच होतं.

एक गंमत सांगतो, टेस्ट करताना उपयोगी पडेल. फोन एका बाजूला आडवा असताना सरळ उलट बाजूला आडवा केलात, मधे उभा न करता, तर ॲक्टिव्हिटी पुन्हा बनत नाही, कारण सिस्टिमच्या लेखी आधीही आडवा होता आणि आताही आडवाच आहे. एक जण असाच फोन गरागरा फिरवून "बघा, काही होत नाही" म्हणत होता.

आधीचे दोन उपाय आणि ते का फसले

टीमने माझ्या आधी दोन गोष्टी करून बघितल्या होत्या, त्या सांगितल्याच पाहिजेत कारण नेटवर शोधलं की पहिली हीच उत्तरं मिळतात.

पहिला उपाय, मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टिमला सांगणारी फाइल) सगळ्या स्क्रीन पोर्ट्रेटला, म्हणजे उभ्यालाच लॉक. क्रॅश खरंच घटले, आणि सहीवाल्यांचा आरडाओरडा सुरू झाला, कारण आता त्या इवल्याशा चौकटीत उभ्या फोनवर सही करावी लागत होती. त्यात अजून एक भानगड झाली. घाईत सगळ्याच ॲक्टिव्हिटींना लॉक लावला, त्यात एक पारदर्शक थीमची होती, वर तरंगणारी सूचना दाखवणारी. ॲपचं टार्गेट (ॲप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बनवलंय तो आकडा) तेव्हा २७ वर नेलेलं, आणि अँड्रॉइड ८.० वर अशी पारदर्शक ॲक्टिव्हिटी ओरिएंटेशन लॉक करू गेली की सिस्टिम सरळ एक्सेप्शन, म्हणजे ॲप बंद पाडणारी चूक, फेकते, "ओन्ली फुलस्क्रीन ओपेक ॲक्टिव्हिटीज कॅन रिक्वेस्ट ओरिएंटेशन". ८.१ मध्ये गूगलने ती अट काढली, पण ८.० वाले फोन होते त्यांच्यावर सूचना यायची आणि ॲप उडायचं. म्हणजे ओरिएंटेशनचा क्रॅश घालवायला लावलेल्या लॉकने स्वतःचाच एक ओरिएंटेशनचा क्रॅश आणला.

आणि लॉकचा भरवसा आता तसाही राहिलेला नाही. टार्गेट ३६ केलं की अँड्रॉइड १६ वर लहान बाजूही ६०० डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीन मोजायचं माप) किंवा जास्त असलेल्या मोठ्या स्क्रीनवर, म्हणजे टॅबलेट आणि उघडलेले फोल्डेबल, हे लॉक सिस्टिम मानतच नाही, गेम्स सोडून. सध्यापुरती सूट मागता येते पण ती तात्पुरती, पुढच्या टार्गेटला जाणार.

दुसरा उपाय, मॅनिफेस्टमध्ये कॉन्फिगचेंजेस लिहून "मी माझं बघून घेतो, तू ॲक्टिव्हिटी मारू नकोस" असं सिस्टिमला सांगणं. इथे कोणीतरी जुन्या उत्तरातून नुसतं "ओरिएंटेशन" उचललं होतं. अँड्रॉइड ३.२ पासून फोन फिरला की ओरिएंटेशनसोबत स्क्रीनसाइझही बदलतो, त्यामुळे दोन्ही लिहिल्याशिवाय काहीच होत नाही, आणि खरंच काही झालं नव्हतं. मग दोन्ही लिहिलं, तर क्रॅश थांबले पण सहीसाठी मुद्दाम बनवलेला आडवा लेआउट लोड होईना, कारण ॲक्टिव्हिटी नवीन बनलीच नाही तर लेआउट पुन्हा कोण वाचणार, ते आता तुमचं काम. उभाच लेआउट आडव्यात ताणून दिसायला लागला आणि सबमिटचं बटण स्क्रीनच्या खाली गेलं. शिवाय डार्क मोड आणि फॉन्ट बदलल्यावर क्रॅश होताच, कारण ते त्या यादीत नव्हते. आणि सगळी यादी लिहिली तरी एक गोष्ट उरतेच, कॅमेरा उघडला आणि मेमरी कमी असली की सिस्टिम मागे पडलेल्या ॲपची अख्खी प्रोसेसच मारते. तिथे कॉन्फिगचेंजेसचा काही संबंध नाही.

ऑफिसात क्रॅश पाडणं

बग डोळ्यासमोर होत नाही तोवर सुधारू नये हे माझं मत, आणि इथे ते फार महाग पडत नाही. एमुलेटरवर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) फिरवायचं बटण आहेच. खऱ्या फोनवर एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं साधन) सेटिंग्जमधलं ॲक्सेलरोमीटर रोटेशन शून्य करून युझर रोटेशन ० आणि १ करत राहिलं की हात न लावता फोन फिरतो, छोटी स्क्रिप्ट लिहून दर काही सेकंदांनी फिरवता येतो. पण नुसतं फिरवून काही पडेना. कारण क्रॅश वेळेवर अवलंबून होता, अपलोड चालू असतानाच फिरवावं लागतं, आणि ऑफिसच्या वायफायवर अपलोड क्षणात संपायचं. एमुलेटरवर नेटवर्क मुद्दाम हळू केलं आणि मग एकामागून एक सगळे क्रॅश पडायला लागले.

अजून दोन हत्यारं सोबत ठेवली. डेव्हलपर ऑप्शनमधलं "डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज", जे स्क्रीन सोडली की ॲक्टिव्हिटी मारतं. आणि होम दाबून ॲप मागे टाकून एडीबीवरून "एएम किल", जे प्रोसेस मारतं पण स्टेट ठेवतं, नंतर रिसेंट्समधून ॲप उघडायचं. हे दोन एकच समजू नका. पहिल्यात प्रोसेस जिवंत, त्यामुळे स्टॅटिक व्हेरिएबलात (प्रोसेस असेतोवर टिकणाऱ्या जागेत) ठेवलेलं सगळं टिकतं आणि खोटा धीर येतो.

एकेक क्रॅश

सगळ्यात सोपा फ्रॅगमेंटचा होता. सहीच्या फ्रॅगमेंटला रिपोर्टचा आयडी कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट बनवणाऱ्या कोडमधून) दिलेला. पहिल्यांदा तुम्हीच ऑब्जेक्ट बनवता म्हणून चालतं, पण फोन फिरल्यावर सिस्टिम तो फ्रॅगमेंट स्वतः बनवायला जाते आणि तिला रिकामा पब्लिक कन्स्ट्रक्टरच लागतो, तुमचा आयडी तिला कुठून माहीत असणार. आयडी आर्ग्युमेंट्सच्या बंडलमध्ये टाकला, संपलं. आर्ग्युमेंट्स सिस्टिम स्वतः जपते आणि नव्या फ्रॅगमेंटला परत देते.

हा क्रॅश गेल्यावर त्याच्यामागे लपलेला एक बग वर आला जो क्रॅशपेक्षा वाईट होता. काही रिपोर्टमध्ये सही कोरी येत होती. माणूस म्हणतोय मी सही घेतली, स्क्रीनवर दिसली, सर्व्हरवर मात्र पांढरा कागद. झालं असं की ॲक्टिव्हिटीच्या ऑनक्रिएटमध्ये फ्रॅगमेंट दर वेळी नव्याने ॲड होत होता, बंडल रिकामा आहे का हे न बघता. सुपरचं (अँड्रॉइडचं मूळ) ऑनक्रिएट जुने फ्रॅगमेंट स्वतःच परत आणतं, त्यावर आपण अजून एक ॲड केला, म्हणजे एकाच चौकटीत दोन सहीचे फ्रॅगमेंट एकावर एक. बॅकग्राउंड पारदर्शक, त्यामुळे डोळ्याला एकच दिसतो. माणूस वरच्यावर सही करतोय आणि सेव्हचं बटण भलत्याच फ्रॅगमेंटची सही वाचतंय. बंडल नल असेल तरच ॲड करायचं, एवढी एक अट घातली. क्रॅश झाला की निदान डॅशबोर्डवर दिसतो, हा प्रकार तर कुठेच नोंदला जात नव्हता, म्हणून ट्राय-कॅच मारून क्रॅश गप्प करणं मला अजिबात पटत नाही.

मग अपलोड. इथे ॲसिंकटास्क (पाठीमागे काम करवून घ्यायची अँड्रॉइडची जुनी सोय) होता, ॲक्टिव्हिटीच्या आतला क्लास म्हणून लिहिलेला, म्हणजे ॲक्टिव्हिटीचा रेफरन्स आपोआप धरलेला. सुरू होताना प्रोग्रेसडायलॉग (काम चालू आहे हे सांगणारी खिडकी) दाखवायचा, संपताना बंद करायचा. दोन्ही गोष्टी डेप्रिकेटेड (आता वापरू नका म्हणून जाहीर केलेल्या) आहेत, डायलॉग अँड्रॉइड ८ पासून आणि ॲसिंकटास्क ११ पासून, पण क्रॅशचं कारण ते नव्हे. फोन फिरला, ॲक्टिव्हिटी गेली, तिच्यासोबत डायलॉगची विंडो गेली, लॉगमध्ये "विंडो लीक" अशी ओळ पडली जी कोणी वाचत नाही, आणि इकडे अपलोड संपवून टास्क जुन्याच घराचं दार वाजवतोय. विंडो मॅनेजर म्हणतो असा व्ह्यू माझ्याकडे नाही, आणि ॲप बंद.

यावर आधी कोणीतरी पॅच मारला होता, डायलॉग बंद करायच्या आधी इजफिनिशिंग तपासायचं. वाचायला बरोबर वाटतं. पण फोन फिरल्यामुळे ॲक्टिव्हिटी मरते तेव्हा इजफिनिशिंग फॉल्सच असतं, कारण ती संपत नाहीये, पुन्हा बनणार आहे. इजडिस्ट्रॉयड तपासलं असतं तर क्रॅश टळला असता. पण तेही अर्धवटच, कारण नव्या ॲक्टिव्हिटीला अपलोड चालू आहे हेच माहीत नाही, तिच्यावर डायलॉग नाही, सबमिट बटण पुन्हा चालू, माणूस पुन्हा दाबतो, आणि एकच रिपोर्ट दोनदा जातो. सर्व्हरवाल्यांची डुप्लिकेट रिपोर्टची जुनी तक्रार होती, ती इथून निघाली.

खरा उपाय म्हणजे अपलोडची मालकी ॲक्टिव्हिटीकडून काढून घेणं. "चालू आहे, झालं, फसलं" ही स्थिती व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवली. हा गूगलने २०१७ मध्ये आणलेल्या आर्किटेक्चर कंपोनंट्समधला भाग, आणि त्याचं मुख्य काम हेच, फोन फिरला तरी तो तोच राहतो आणि ॲक्टिव्हिटी खरोखर संपली तरच जातो. डायलॉग आता कोणी "दाखवा" म्हणून दिसत नाही, स्थिती "चालू" असेल तर स्क्रीन स्वतः दाखवते, नवीन ॲक्टिव्हिटी येऊन स्थिती वाचते आणि तीही दाखवते. प्रत्यक्ष फाइल पाठवायचं काम वर्कमॅनेजरकडे (स्क्रीन बंद झाली तरी काम पुरं करणारी सोय) दिलं, कारण माणूस सबमिट दाबून फोन खिशात टाकतो आणि अपलोडने त्याच्या स्क्रीनवर अवलंबून राहू नये. व्ह्यूमॉडेल त्या कामावर फक्त नजर ठेवतं. एक काळजी घ्यायची, व्ह्यूमॉडेलला ॲक्टिव्हिटी किंवा व्ह्यू द्यायचा नाही, नाहीतर जुनं दुखणं नव्या जागी.

डॅशबोर्डवरचा दुसरा, ऑनसेव्हनंतरचा क्रॅश, याच्याच शेजारचा. अपलोड संपलं की "रिपोर्ट गेला" असा फ्रॅगमेंट टाकायचा कमिट (बदल पक्का करणं) व्हायचा, पण तेव्हा ॲप मागे असेल आणि स्टेट सेव्ह होऊन गेली असेल तर फ्रॅगमेंटमॅनेजर नकार देतो, कारण आता केलेला बदल परत येताना हरवू शकतो. कोणीतरी कमिटच्या जागी कमिटअलाउइंगस्टेटलॉस लिहून मोकळं झालं होतं. नावातच सांगितलंय की स्टेट जाईल, आणि ती जात होती, लोक परत आले की कधीकधी फॉर्मच दिसायचा आणि रिपोर्ट गेला की नाही ते कळायचं नाही. आता स्क्रीन ती स्थिती रिपीटऑनलाइफसायकलच्या आत, स्टार्टेड (समोर दिसत) असतानाच ऐकते. मागे असताना काही कमिट होत नाही, पुढे आली की शेवटची स्थिती वाचते आणि योग्य तो फ्रॅगमेंट लावते. "नॉट अटॅच्ड टू अ कॉन्टेक्स्ट" वालाही इथेच गेला, कारण तो त्याच कॉलबॅकमधून (अपलोड संपल्यावर चालणाऱ्या कोडमधून) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, वाचताना पडत होता. फ्रॅगमेंटमध्ये ऐकताना व्ह्यूचा लाइफसायकल ओनर (कुठवर ऐकायचं ते ठरवणारा) वापरायचा, फ्रॅगमेंटचा नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

नल पॉइंटरपैकी एक तर अगदीच पोरकट. आडव्या लेआउटमध्ये "पुसा" बटण टाकायचं राहून गेलेलं. उभ्यात आयडी सापडतो, आडव्यात नल, आणि त्यावर क्लिक लिसनर (बटण दाबल्याची वाट बघणारा कोड). व्ह्यू बाइंडिंग (लेआउट वाचून त्यातल्या व्ह्यूंची यादी आपोआप बनवणारी सोय) वापरलं असतं तर एकाच लेआउटमध्ये असलेला व्ह्यू त्याने नल असू शकतो म्हणून दाखवला असता आणि कोटलिनने कंपाइलच होऊ दिलं नसतं. तेवढ्यासाठी त्या स्क्रीनचे सगळे फाइंडव्ह्यूबायआयडी (आयडीने व्ह्यू शोधायचे कॉल) काढून टाकले. जाताजाता, एकच आयडी उभ्यात एडिटटेक्स्टला (लिहायची चौकट) आणि आडव्यात चेकबॉक्सला असं करू नका, स्टेट परत भरताना चेकबॉक्सच्या हातात एडिटटेक्स्टची स्टेट पडते आणि क्लासकास्ट नावाच्या चुकीने ॲप जातं.

सही नेमकी ठेवायची कुठे

यावर सगळ्यात जास्त डोकं लागलं. टीममधल्या एकाने आधीच एक सुधारणा केली होती, सहीचा बिटमॅप (पिक्सेलचं पूर्ण चित्र) ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेटच्या बंडलमध्ये टाकला. फोन फिरवून बघितला, सही टिकली, सगळे खूश. रिलीज गेल्यावर ट्रान्झॅक्शनटूलार्ज नावाचा नवा क्रॅश, आणि तो फोन फिरवताना अजिबात यायचा नाही, होम दाबल्यावर किंवा कॅमेरा उघडल्यावर यायचा.

कारण असं. फोन फिरतो तेव्हा तो बंडल तुमच्याच प्रोसेसमध्ये राहतो, नव्या ॲक्टिव्हिटीला हातोहात मिळतो, आकाराची तपासणीच होत नाही. ॲप मागे जातं तेव्हा मात्र तोच बंडल बाइंडरमधून (प्रोसेस-प्रोसेसमधला निरोपाचा मार्ग) सिस्टिमच्या प्रोसेसकडे जातो, आणि बाइंडरचा बफर अख्ख्या प्रोसेसला मिळून १ एमबी. १००० बाय ५०० चा साधा बिटमॅप, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे २० लाख बाइट, तिथेच दुप्पट. अँड्रॉइड ७ च्या आधी हे नुसतं लॉगमध्ये लिहून सोडून द्यायचे, ७ पासून, टार्गेट २४ किंवा पुढचं असेल तर, क्रॅश. म्हणून फिरवून बघितलं म्हणजे तपासलं असं या बाबतीत होत नाही.

मग तीन थर केले. सहीचे बिंदू व्ह्यूमॉडेलमध्ये, फोन फिरल्यावर तेच वापरायचे. बोट उचललं की तेच बिंदू ड्राफ्ट फाइलमध्ये, प्रोसेस मेली तर तिथून. आणि सेव्हडस्टेटहँडलमध्ये (सिस्टिम प्रोसेस मेल्यावरही जपते ती छोटी जागा) फक्त रिपोर्टचा आयडी आणि ड्राफ्टचं नाव, दोन छोट्या स्ट्रिंग. फॉर्मचंही तसंच, भरलेलं सगळं ड्राफ्टमध्ये, बंडलमध्ये फक्त पत्ता.

बिंदू ठेवायचा एक फायदा आणि एक डोकेदुखी. फायदा हा की ते बिटमॅपच्या मानाने काहीच जागा घेत नाहीत. डोकेदुखी ही की बिंदू पिक्सेलमध्ये होते, आडव्यात केलेली सही उभ्यात आणली की अर्धी चौकटीबाहेर. ० ते १ अशा प्रमाणात बदलले तर चौकटीचा आकार वेगळा असल्यामुळे सही दाबली गेली, म्हणजे माणसाची सही माणसाची राहीना. शेवटी बिंदू ज्या चौकटीत काढले तिची रुंदी-उंची सोबत ठेवली आणि दाखवताना दोन्ही दिशांना एकाच पटीने लहानमोठं केलं, उरलेली जागा रिकामी. ही गोष्ट क्रॅशच्या यादीत कधीच आली नसती, पण ज्याच्या रिपोर्टवर सही चिपाड होऊन छापली जाईल तो ॲपवर विश्वास ठेवेल का?

उरलेला नल पॉइंटर कॅमेऱ्याचा. फोटो कुठल्या फाइलमध्ये येणार ते ॲक्टिव्हिटीच्या साध्या व्हेरिएबलात होतं. फोटो आडवा काढला की परत येताना ॲक्टिव्हिटी नवीन आणि व्हेरिएबल नल. तो पत्ता सेव्हडस्टेटहँडलमध्ये गेला. रिझल्टसाठी रजिस्टरफॉरॲक्टिव्हिटीरिझल्ट वापरलं, ते बटण दाबल्यावर रजिस्टर करून चालत नाही, ॲक्टिव्हिटी स्टार्टेड व्हायच्या आधी दर वेळी, अट न घालता करावं लागतं, तरच नव्या ॲक्टिव्हिटीला जुन्या कॅमेऱ्याचं उत्तर मिळतं.

टेस्ट आणि नंतर

प्रत्येक स्क्रीनला ॲक्टिव्हिटीसिनारिओ या टेस्टच्या साधनाची रीक्रिएट (ॲक्टिव्हिटी मोडून पुन्हा बांधणारी) वापरणारी एक टेस्ट लावली, अर्धा फॉर्म भरायचा, रीक्रिएट, सगळं जागेवर आहे का आणि फ्रॅगमेंट एकच आहे का ते बघायचं. चालते लवकर, पण तिच्या मर्यादा लक्षात असू द्या, ती फोन आडवा करत नाही त्यामुळे आडव्या लेआउटमधलं हरवलेलं बटण तिला दिसणार नाही, आणि व्ह्यूमॉडेल जिवंत राहतं त्यामुळे प्रोसेस मेल्याची टेस्टही ती नव्हे. आडव्यासाठी यूआयऑटोमेटर या साधनाने फोन खरोखर फिरवणारी वेगळी टेस्ट, आणि प्रोसेससाठी रिलीजआधी हाताने एएम किल. डीबग बिल्डमध्ये (टीमपुरत्या आवृत्तीत) लीककॅनरी (मेमरीत अडकून राहिलेलं शोधणारं साधन) टाकली, तिने पहिल्याच वेळी लोकेशनच्या लिसनरला लटकलेली जुनी ॲक्टिव्हिटी दाखवली, जी क्रॅश करत नव्हती पण दर फिरवण्याला मेमरीत एक प्रेत जमा करत होती.

पुढच्या रिलीजनंतर ते सगळे गट एकत्रच आटले, जुन्या व्हर्जनवाल्यांचे तेवढे येत राहिले. डुप्लिकेट रिपोर्ट आणि कोऱ्या सह्याही थांबल्या. पोर्ट्रेटचा लॉक सगळीकडून काढला. मदतीचा व्हिडिओ दाखवणाऱ्या स्क्रीनवर कॉन्फिगचेंजेस मात्र मुद्दाम ठेवलंय, तिथे वेगळा आडवा लेआउट नाही, प्लेअर फक्त आकार बदलतो आणि फिरवताना चित्र क्षणभरही तुटू नये एवढीच अपेक्षा आहे. फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप बनवायची साधनं) यांच्या टेम्प्लेटमध्ये ते आधीपासून लिहिलेलं असतं तेही अशाच कारणाने, सगळं चित्र ते स्वतः मांडतात. फक्त त्या व्हिडिओच्या स्क्रीनवरही कुठल्या सेकंदाला थांबलो ते सेव्हडस्टेटहँडलमध्ये जातं, प्रोसेस कोणाची वाट बघत नाही म्हणून.